पगार झाला की लोन ॲपवाले खातं धुऊन नेतात, खातंच बंद करू का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यात एका बाजारगावी ग्राहक सेवा केंद्र चालवतो, म्हंजे लोक ज्याला बँक मित्र म्हणतात तेच, अंगठा लावला की पैसे काढून देणारा. दर महिन्याच्या एक ते सात तारखेला माझ्या टेबलापुढं एकच सीन असतो, माणूस येतो, अंगठा लावतो, मशीनवर बॅलन्स येतो ४७ रुपये, आणि तो माझ्याकडं असा बघतो जसं काय मीच खाल्लेत. मग मिनी स्टेटमेंट काढायचं, त्यात डेबिट, रिटर्न चार्ज, परत रिटर्न चार्ज. आणि मग हळू आवाजात पहिला प्रश्न येतो, भाऊ हे खातंच बंद करून टाकू का. तेच ते प्रश्न सांगून सांगून घसा बसला म्हणून इथं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, बँकेचा साहेब पण नाही. पण दोन लोन ॲपच्या चक्करमधून स्वतः गेलोय, त्यामुळं पुस्तकातलं कमी आणि काउंटरवरचं जास्त सांगेन.

खातं बंद केलं तं लोन पण मिटतं का?

नाही. दुकानाचं शटर पाडलं म्हणून उधारीची वही फाटत नाही. लोन तुमच्या नावावर, पॅनवर, आधारवर आहे, खात्यावर नाही. खातं फक्त पाइप होता पैसे यायचा-जायचा.

मग लोक खातं बंद करायच्या मागं काहून लागतात?

कारण त्या पाइपाला भोक पडलंय. लोन घेताना ॲपमध्ये तुम्ही तीन-चार वेळा ओटीपी टाकला असतो, त्यातला एक ओटीपी लोनचा नसतो, तो मॅंडेटचा असतो, म्हंजे माझ्या खात्यातून ठरलेल्या तारखेला परस्पर पैसे उचला अशी तुम्ही दिलेली लेखी परवानगीच. हे सगळं नाच (NACH) नावाच्या सिस्टिमवर चालतं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची आहे, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पण चालू असते, त्यामुळं सुट्टी आहे आज काही कटणार नाही हा जुना हिशोब गेला.

आता खात्यात पैसे नसताना लेंडरनं, म्हंजे कर्ज देणाऱ्यानं, मॅंडेट टाकलं की ते बाऊन्स होतं आणि बाऊन्स झालं की तुमची स्वतःची बँक दंड लावते. बऱ्याच बँकांत हा २५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हंजे २९५ रुपये असतो, काही खाजगी बँका ५०० पर्यंत जातात. लेंडर एकदा टाकून गप बसत नाही, तीन तारखेला टाकतो, पाचला टाकतो, दहाला टाकतो. माझ्याकडं एक वाळूज एमआयडीसीत सिक्युरिटीला असलेला पोरगा आला होता गावाकडं सुट्टीवर, चार ॲप, एका महिन्यात सात बाऊन्स, सात गुणिले २९५ म्हंजे २,०६५ रुपये नुसते बँकेनं खाल्ले, लोनचा एक रुपया कमी झाला नाही, आणि लेंडरचा बाऊन्स चार्ज वेगळा, तो लोनमध्ये चढला. वरून पुढच्या महिन्याचा पगार पडला तेव्हा बँकेनं आधी आपला राहिलेला दंड वसूल केला, मग एका ॲपचं मॅंडेट लागलं, आणि घरभाड्याला काहीच उरलं नाही. घरभाडं नाही म्हणून त्यानं पाचवं ॲप उघडलं. हे असं आहे बगा.

म्हणून खातं बदलायचा विचार चूक नाही. फक्त तो कर्ज बुडवायसाठी नाही, तर कुणाला कधी किती द्यायचे हे परत आपल्या हातात यावं म्हणून करायचा.

हे पे-डे लोन पे-डे लोन म्हणतात ते हेच का?

हेच. शब्द बाहेरून आला, पुढच्या पगारावर आज पैसे. आपल्या मराठवाड्याला ही गोष्ट नवी थोडीच आहे, ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हंजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग सगळा सीझन ती फेडत बसतो, हे त्याचंच मोबाईलमधलं रूप. फरक एवढाच की मुकादम निदान तोंडओळखीचा असतो.

हिशोब करून बघा. १०,००० चं लोन, १० टक्के प्रोसेसिंग फी १,००० आणि त्यावर जीएसटी १८०, हातात आले ८,८२०. रोजचा एक टक्का व्याज, तीस दिवसांनी भरायचे १३,०००. म्हंजे ८,८२० वापरायचे ४,१८० रुपये दिले एका महिन्याला. वर्षाच्या दरात सुमारे ५७७ टक्के! रोज फक्त एक टक्का असं ऐकायला किती गोड वाटतं. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१५ पासून असल्या लोनला कायद्यानं कॅप आहे, दिवसाला ०.८ टक्क्याच्या वर नाही आणि सगळं मिळून मुद्दलाच्या दुपटीच्या वर एक पैसा घेता येत नाही. आपल्याकडं असा आकडा बांधलेला नाही, पण लेंडरनं लोन द्यायच्या आधी एक की फॅक्ट स्टेटमेंट म्हणून कागद द्यावाच लागतो ज्यात वर्षाचा खरा दर, सगळे चार्ज, सगळं लिहिलेलं पाहिजे, आणि त्यात नसलेला चार्ज तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तो कागद मेलमध्ये पडलेला असतो, शोधा, आजच शोधा, भांडायला तोच कामाला येतो.

बरं, ठरवलं. बंद करायच्या आधी काय काय करायचं?

इथं लोक घाई करतात आणि फसतात, त्यामुळं जरा सावकाश वाचा.

सगळ्यात आधी दुसऱ्या बँकेत नवं खातं. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत नाही, दुसऱ्या बँकेत. कारण बँकेचे तुमच्याकडं काही येणं असेल, मग ते बाऊन्सचे दंड असो का क्रेडिट कार्ड, तर ती तुमच्या तिच्याकडच्या दुसऱ्या खात्यातून वळतं करून घेऊ शकते. नवं खातं झिरो बॅलन्सचं घ्या, बेसिक बचत खातं म्हणा, जनधन म्हणा, त्यात मिनिमम बॅलन्सची भानगड नसते. आणि या नव्या खात्याचा नंबर कुठल्याच लोन ॲपमध्ये टाकायचा नाही, नवीन ऑफर आली म्हणून तर अजिबात नाही, त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

मग कंपनीत पगाराचं खातं बदलायचा अर्ज. ठेकेदाराकडून पगार असेल तर हे अवघड जातं, ठेकेदार म्हणतो आमचं टायअप त्याच बँकेशी आहे, तरी लेखी द्या आणि मागं लागा. एक पूर्ण पगार नव्या खात्यात पडलेला डोळ्यानं दिसेपर्यंत जुनं बंद करू नका. मी स्वतः हीच चूक केली होती, जुनं खातं बंद, पगार जुन्याच खात्यावर गेला, तो परत फिरला आणि पुन्हा यायला अकरा दिवस लागले, त्या अकरा दिवसात किराणावाल्यानं काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि हे शेतकरी घरांनी नीट ऐका. पीएम किसानचे २,०००, नमो शेतकरीचे पैसे, लाडक्या बहिणीचे १,५००, अतिवृष्टीचं अनुदान, गॅसची सबसिडी, असले सरकारी पैसे बहुतेक खाते नंबर बघून येत नाहीत, आधार ज्या खात्याला शेवटी सीडिंग केलंय, म्हंजे सरकारी पैशासाठी जोडलंय, तिथं येतात. जुनं खातं बंद केलं आणि आधार तिथंच लटकत राहिलं तर हप्ता अडकला समजा. आधी नव्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा, नुसतं आधार लिंक आहे असं क्लार्क म्हणाला तर समाधान मानू नका, लिंक वेगळं आणि डीबीटीसाठीचं, म्हंजे सरकारी पैसे थेट खात्यात यायसाठीचं, सीडिंग वेगळं. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून बघायला मिळतं, तिथं नव्या बँकेचं नाव आलं की झालं.

बाकी एलआयसीचा हप्ता, बचत गटाचा हप्ता, मोबाईल रिचार्जचं ऑटोपे, हे सगळं कुठून कटतं ते बघून घ्या. आणि निदान एक वर्षाचं स्टेटमेंट पीडीएफ काढून स्वतःला मेल करून ठेवा, खातं बंद झालं की नेट बँकिंग पण बंद, नंतर शाखेत जाऊन हातापाया पडावं लागतं.

मॅंडेट बंद कसं करायचं?

आधी ते कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. यूपीआय ऑटोपे असेल तर फोनपे, जीपे, भीम जे काही वापरता त्यात ऑटोपे किंवा मॅंडेट असा कप्पा असतो, तिथं यादी दिसती, तिथूनच कॅन्सल. काही लोनच्या मॅंडेटला तिथं कॅन्सलचं बटन येत नाही, मग बँकेतच जावं लागतं. नाच वालं असेल तर नेट बँकिंगमध्ये मॅंडेटची यादी मिळती, प्रत्येकाला यूएमआरएन नावाचा लांबलचक नंबर असतो, तो लिहून घ्या आणि शाखेत अर्ज द्या की या या नंबरचं मॅंडेट रद्द करा. मॅंडेटवर लिहिलेली जास्तीत जास्त रक्कम पण बघा एकदा, हप्ता ३,००० चा आणि परवानगी १५,००० ची असं पण असतं, तेव्हा लोकांचे डोळे उघडतात.

एक बाजू पण सांगतो, लपवत नाही. लेंडर खरा असेल तर मॅंडेट रद्द करणं हे करार मोडल्यासारखं आहे, तो त्याला डिफॉल्ट म्हणू शकतो. म्हणून मॅंडेट काढलं त्याच दिवशी लेंडरला मेल टाका, की पगार कमी पडतोय, मॅंडेट बंद केलंय, दर महिन्याला अमुक तारखेला एवढे एवढे स्वतः भरीन, तुमचा अधिकृत खाते नंबर कळवा. दोन ओळींचा मेल, पण उद्या कुणी म्हणालं की हा पळून गेला तर तो मेल पुढं करता येतो.

शाखेत म्हणायलेत की लोनवाल्याची एनओसी (ना हरकत पत्र) आणा मग मॅंडेट काढू

माझ्यासमोर पण म्हणालेत. खातं तुमचं, परवानगी तुम्ही दिलेली, ती परत घ्यायचा अर्ज तुम्ही स्वतःच्या बँकेला करू शकता. तोंडी भांडू नका, आवाज तर मुळीच चढवू नका, तिथं बसलेला बिचारा पण चार माणसांचं काम एकटा करतो. अर्ज दोन प्रतीत न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारत नसले तर बँकेच्या तक्रार मेलवर तोच अर्ज पाठवा. तीस दिवसात उत्तर नाही आलं किंवा उलटसुलट आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येती, सीएमएस पोर्टलवर, फुकट आहे, वकील लागत नाही, चौकशीला १४४४८ नंबर आहे. लोकपाल शब्द अर्जात खाली नुसता लिहिला तरी काही शाखांत काम पटकन होतं, अनुभव आहे.

खात्यात मायनस दाखवतंय, बंदच करून देईनात

दोन गोष्टी वेगळ्या करा. मिनिमम बॅलन्स ठेवला नाही म्हणून दंड लावून लावून बचत खातं मायनसमध्ये नेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. स्टेट बँकेनं तर मार्च २०२० मध्ये बचत खात्याचा मिनिमम बॅलन्सच काढून टाकला. त्यामुळं मायनस त्याचं असेल तर नियम दाखवा आणि लेखी मागा.

पण बाऊन्सचे दंड असतील तर ते वेगळं, ते बँक मागते आणि ते भरल्याशिवाय बंद करत नाही. इथं शाखा मॅनेजरला भेटायचं, अर्जात सरळ लिहायचं की पगार थकलाय, एकाच हप्त्याचे एवढ्या वेळा चार्ज लागलेत, थोडे माफ करा. ४,१३० होते एका जणाचे, म्हंजे चौदा बाऊन्स, मॅनेजरनं अर्धे सोडले. सगळेच सोडतात असं नाही, पण विचारल्याशिवाय कुणीच सोडत नाही.

आणि नुसतं सोडून दिलं तर? मॅंडेट जिवंत असेल तोपर्यंत मीटर चालू राहतं. मॅंडेट काढून टाकलं असेल तर खातं दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय होतं. तरी मी म्हणीन बंदच करा, अर्धवट सोडलेली बोअर आणि अर्धवट सोडलेलं खातं, दोन्हीत कधीतरी कुणाचं तरी लेकरू पडतं.

बंद करायला किती पैसे लागतात?

खातं उघडून चौदा दिवसाच्या आत असेल तर काही नाही. वर्षाच्या आत असेल तर बऱ्याच बँका काही शे रुपये घेतात, वर्ष झालं असेल तर बहुतेक ठिकाणी फुकट. जॉइंट खातं असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात, बायको माहेरी गेली असेल तर आधी ते मिटवा.

खातं बंद केलं म्हणून माझ्यावर केस होती का?

खातं बंद करणं हा गुन्हा नाही. लोन थकणं हा पण दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस घरी येऊन उचलून नेत नाहीत, व्हॉट्सॲपवर तराजूचं चित्र असलेलं अटक वॉरंट आलं तर ते कुणीतरी मोबाईलवर बनवलेलं असतं.

पण दोन ठिकाणी सांभाळा. एक, लोनच्या वेळी सही करून कोरे चेक दिले असतील तर. चेक बाऊन्सचं कलम १३८, आणि खातं बंद असल्यानं चेक परत आला तरी ते लागतं, सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच सांगितलंय. म्हंजे खातं बंद केलं की चेक बेकार झाले असं समजणारे फसतात. दोन, ऑनलाइन मॅंडेटला पण तसंच कलम आहे, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ चं कलम २५, खात्यात पैसे नाहीत म्हणून मॅंडेट परतलं तर त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. लगेच घाबरू नका. दोन्हीत बाऊन्स कळल्यापासून तीस दिवसांत लेंडरनं लेखी नोटीस द्यावी लागती आणि ती मिळाल्यावर तुम्हाला पंधरा दिवस मिळतात पैसे भरायला. कोर्टात गोष्ट त्यानंतर जाते. म्हणून रजिस्टर पोस्टानं आलेला लिफाफा घ्यायचाच, पोस्टमनला घरी नाही म्हणून सांगायचं नाही, आणि त्या पंधरा दिवसांत तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती गाठायची. वर्षाचं उत्पन्न कमी असेल किंवा बाई असेल तर वकील फुकट मिळतो, लई जणांना हे माहीतच नसतं.

आणि हो, बाऊन्स व्हायची वाट बघण्यापेक्षा मॅंडेट आधीच लेखी काढलेलं बरं, ते यासाठी पण.

पगार बायकोच्या नाहीतर भावाच्या खात्यात घेऊ का? नाहीतर पतसंस्थेत?

कंपन्या बहुतेक ज्याचा पगार त्याच्याच खात्यात टाकतात. आणि भावाचं खातं म्हंजे नंतर दोन भावांचं भांडण, हे लिहून घ्या.

पतसंस्थेचं म्हणाल तर बीडकडं मल्टिस्टेट बुडाल्यानंतर रांगेत उभे राहिलेले म्हातारे आपण सगळ्यांनी बघितलेत. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो नाही. कर्जातून वाचायला गेलो आणि पगारच बुडाला असं नको.

रिकव्हरीवाला सासुरवाडीला फोन करायलाय

हा प्रश्न विचारताना मोठमोठी माणसं रडलेली बघितलीत मी. पैशाचं एवढं नसतं, इज्जतीचं असतं. सोयऱ्यात नाव गेलं की माणूस लग्नाला जायचं सोडतो.

नियम असा आहे की थकीत लोनसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलंय. शिवीगाळ, धमकी, चारचौघात बेइज्जती, नातेवाईक-दोस्तांना त्रास, हे सगळं बंद. लोन ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लिस्ट याला हात लावायची परवानगीच नाही. त्यामुळं कॉल रेकॉर्ड करा, स्क्रीनशॉट काढा, कुठल्या नंबरवरून किती वाजता ते वहीत लिहा. लेंडरच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, आणि नाही ऐकलं तर वर सांगितला तो लोकपाल.

घाणेरडे फोटो बनवून पाठवले, पोरीबाळींचे फोटो वापरले, तर तो रिकव्हरीचा मामला राहिला नाही. ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आणि सायबर पोलिसात तक्रार. आणि सासऱ्याला तुम्ही स्वतः आधीच फोन करून सांगा की माझ्या नावानं असा असा फोन येईल. मी सांगितलं होतं माझ्या सासऱ्याला. लई जड गेलं, पण त्यानंतर त्या रिकव्हरीवाल्याच्या हातात काहीच उरलं नाही.

ते सात दिवसांचं ॲप, ३,००० मागितले, १,८०० दिले, आता ६,००० मागायलेत. भरू का?

आधी बघा त्याच्या मागं कुठली बँक किंवा एनबीएफसी, म्हंजे बँक नसलेली पण रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेली कर्ज कंपनी, आहे का. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर लोन ॲपची यादी आहे, कुठलं ॲप कुठल्या लेंडरचं ते त्यात दिसतं. यादीत नाव म्हंजे रिझर्व्ह बँकेनं ॲपला मार्क दिले असं नाही, पण नावच नसेल तर सावध. दुसरी खूण, खरा लेंडर पैसे स्वतःच्या खात्यातून तुमच्या खात्यात टाकतो आणि स्वतःच्याच खात्यात परत घेतो. दर वेळी वेगळा यूपीआय आयडी, कुणाच्या तरी खाजगी नावाचा, असं असेल तर ते ॲप लुटारू समजा. अशाला माझं मत विचाराल तर हातात आले तेवढ्याच्या वर एक रुपया देऊ नका, कारण एकदा दिले की ते कमी होत नाहीत, वाढतात. रिझर्व्ह बँकेच्या सचेत नावाच्या पोर्टलवर तक्रार टाका आणि वर सांगितलं ते १९३०. ॲप काढून टाकण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

खातं बंद केल्यानं सिबिल खराब होतं का?

बचत खातं सिबिलमध्ये दिसतच नाही. थकलेला हप्ता दिसतो. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, काढून बघा, कधी कधी आपण न घेतलेलं लोन पण निघतं त्यात.

सावकाराकडून काढून ॲपचं एकदाच भरून टाकू का?

शेकडा पाच, शेकडा दहा महिन्याला? नको रे बाबा. ॲपवाला फोन करतो, सावकार जमिनीचं खरेदीखत करून घेतो. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, लायसन्स असलेल्या सावकाराला पण शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि बाकीच्यांकडून १८ टक्के, यापेक्षा जास्त घेता येत नाही. वर्षाला, महिन्याला नाही. लायसन्स नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडं तक्रार होती. त्यापेक्षा घरात तोळाभर सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण कितीतरी स्वस्त पडतं, मंगळसूत्र ठेवायला जीव खालीवर होतो ते कळतं मला.

एक जण म्हणायलाय, जुनं खातं बंद कशाला करतो, मला दे, पाच हजार देतो

पासबुक, एटीएम, सिमकार्ड सगळं किट मागतो ना? ते सायबर फ्रॉडचे पैसे फिरवायला लागतं. कुणाची तरी आयुष्याची कमाई तुमच्या नावानं लुटली जाती आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात, तुमची बाकीची खाती पण गोठतात. कर्जात अडकलेली पोरंच हे लोक हेरतात. लातूरला ट्युशनला आलेल्या पोरांना पण विचारतात म्हणे. पाच हजार काय, पन्नास हजाराला पण नाही.

चार ॲप आहेत, आधी कुणाचं भरू?

पुस्तकात लिहिलंय जास्त व्याजाचं आधी. मी म्हणतो, ज्याचा चेक दिलाय किंवा ज्याची खरी नोटीस आलीय ते आधी, मग छोटं असेल ते, म्हंजे एक फोन तरी कमी होईल. घरभाडं, किराणा, लेकरांची फी आधी बाजूला काढायची, उरले त्यातून द्यायचे, उसने घेऊन नाही.

सेटलमेंट, म्हंजे येणं आहे त्यापेक्षा कमी घेऊन मिटवायचं, ठरली तर लेटर लेंडरच्या अधिकृत मेलवरून आल्याशिवाय पैसे टाकू नका आणि एजंटच्या खाजगी नंबरवर तर कधीच नाही. सेटलमेंट केलेलं लोन रिपोर्टमध्ये सेटल्ड म्हणून दिसतं, क्लोज्ड म्हणून नाही, पुढं गाडीचं लोन घेताना आडवं येतं. पूर्ण मुद्दल आणि योग्य व्याज भरता येत असेल तर दंड माफ करा एवढंच मागा. २०२४ पासून दंडावर व्याज चढवायला मनाई आहे, हिशोब मागितला की आकडा खाली आलेला मी बघितलाय.

खातं खरंच बंद झालं हे कसं कळणार?

फॉर्म, पासबुक, उरलेले चेक, एटीएम दिलं आणि घरी आलो, असं करू नका. बंद झाल्याचं पत्र किंवा मेल मागा, आणि पासबुकवर खाते बंद असा शिक्का तारखेसकट मारून घ्या. आठ-दहा दिवसांनी एकदा शाखेत विचारा, कारण एका जणाचा फॉर्म तीन महिने क्लार्कच्या ड्रॉवरमध्येच होता आणि तोपर्यंत आणखी चार बाऊन्स लागले, ११८० रुपये. शिक्का नसता तर त्याला ते भरावे लागले असते.